गणित घेऊन काय करावें?

गेल्या ज्येष्ठांत एका घरगुती कामासाठीं वरुडास जाण्याचा प्रसंग आला. वरूड अमरावतीपासून सुमारें ९० किलोमीटर, जिल्ह्याच्या ईशान्य टोंकाला, सातपुड्याच्या पायथ्याशीं आहे. तेथील रेल्वे-स्थानकाच्या पाटीवर ‘वरूड ऑरेंज सिटी’ असें नांव लिहिलेलें आहे. त्या गांवाचा जीव कशांत आहे हें प्रवाशाला गाडींतून उतरण्यापूर्वींच कळतें. मी गेलों तेव्हां मृग लागावयास चार-सहा दिवस होते आणि पुष्कळ बागा ताणावर होत्या. मृग बहाराचें फूल भरपूर यावें म्हणून मालक आपल्याच हातानें झाडाचें पाणी तोडतो, त्याला तिकडे ताण देणें म्हणतात. पानें मलूल झालेलीं, जमिनीला भेगा पडलेल्या, आणि मालक आभाळाकडे डोळे लावून बसलेला, असा तो काळ असतो.

अशाच एका संत्राबागाइतदाराच्या ओसरीवर मी बसलों होतों. ओळख जुनी, माणूस सरळ आणि मोजकें बोलणारा. त्यांची धाकटी मुलगी नुकतीच बारावी झाली होती. घरांत थोरल्या जांवयापासून सगळ्यांचें मत, तिला फार्मसीला घालावें. मुलीला मात्र पदवीसाठीं गणित घ्यावयाचें होतें. पानसुपारी झाल्यावर त्यांनीं मला सरळच विचारलें, “सर, तुमी तं जन्मभर गणितच शिकवलं. खरं सांगजा. माह्या पोरीनं गणित घेऊन का करावं?”

मीं उत्तर दिलें, आणि तें चांगलें लांबलचक दिलें. बँकांच्या परीक्षांत गणितवाल्यांचा हात कोणी धरीत नाहीं, विमा कंपन्यांना आयुर्मानाचे हिशेब करणारे लोक लागतात, संगणकाच्या सगळ्या विद्येच्या मुळाशीं गणितच आहे, बी. एड. केलें तर शाळेंत गणिताच्या शिक्षिकेला मान असतो. आणि स्पर्धा-परीक्षा तर आहेतच. ते शांतपणें ऐकत होते. शेवटीं “मंग बरं हाये” एवढें म्हणून ते गोठ्याकडे गेले. मुलगी दाराशीं उभी होती. वास्तविक तिला आनंद व्हावयास हवा होता. पण ती माझ्याकडे अशा नजरेनें पाहत होती कीं, जणूं मीं तिच्या वतीनें भलताच अर्ज भरून दिला होता.

त्या रात्रीं मुक्काम तेथेंच होता, आणि मला झोंप लागली नाहीं. मीं जें सांगितलें त्यांतील एकहि वाक्य खोटें नव्हतें; तरी सगळें मिळून जें उत्तर झालें तें खरें नव्हतें. तीस वर्षें मी गणित शिकवीत आलों तो कांहीं बँकेच्या परीक्षांसाठीं नव्हे, आणि त्या मुलीलाहि तें विम्याच्या कचेरीसाठीं नको होतें. एखादी वस्तु ज्या कारणानें आपल्याला प्रिय आहे तें कारण झांकून ठेवावें आणि ऐकणाऱ्याला पटेल अशा दुसऱ्याच कारणानें तिची शिफारस करावी, याला काय म्हणावें? व्यवहारांत याला चातुर्य म्हणतात. परंतु गणिताच्या शिक्षकानें हें चातुर्य करावें यांत कांहीं विशेष विपरीत आहे. उत्तर बरोबर आलें तरी सिद्धता खोटी असेल तर आम्ही विद्यार्थ्याला गुण देत नाहीं.

वरुडाजवळ शेंदूरजना घाट म्हणून गांव आहे. संत्र्याच्या रोपवाटिकांसाठीं तें प्रसिद्ध आहे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात आणि तें कलम विकतात. घेणाऱ्याला रोप हिरवेंगार दिसतें. पण डोळा कोणत्या झाडाचा काढला, हें त्याला नुसतें पाहून कळत नाहीं. कळतें तें पांच-सहा वर्षांनीं, झाड फळावर आल्यावर किंवा न आल्यावर. तोंवर जमीन अडकलेली असते, विहिरीचें पाणी खर्ची पडलेलें असतें, आणि माणसाचीं चांगलीं वर्षें गेलेलीं असतात. म्हणून त्या धंद्यांत विकणाऱ्याच्या शब्दाला फार किंमत. पदवीचें शिक्षण देणारे आम्ही प्राध्यापक याच जातीचे व्यापारी आहों. फरक इतकाच कीं, पांच वर्षांनीं सुकलेलें झाड उपटून आणून आमच्या दारांत कोणी टाकीत नाहीं.

बापाच्या प्रश्नाला गणिताचे अभिमानी दुसरेंहि एक उत्तर देतात, आणि तें अधिक तेजस्वी आहे. केंब्रिजचे प्रा. हार्डी यांनीं १९४० सालीं आपल्या व्यवसायाचें समर्थन म्हणून एक लहानसें पुस्तक लिहिलें. खरें गणित निरुपयोगी असतें आणि म्हणूनच तें निष्पाप असतें, असा त्यांतील एक रोख होता. विद्यार्थिदशेंत मीं तें वाचलें आणि कित्येक महिने मी त्याच धुंदींत होतों. पुढें काळानें हार्डीसाहेबांची मोठी गंमत केली. ज्या अंकसिद्धांताच्या निरुपयोगाविषयीं त्यांना एवढा भरंवसा, त्याच्याच पायावर १९७७ सालीं तीन संशोधकांनीं गुप्तलेखनाची एक पद्धति उभारली. दोन प्रचंड मूळसंख्यांचा गुणाकार करणें सोपें. पण गुणाकार हातीं असतांना त्या दोन संख्या हुडकून काढणें अतिशय कठीण. एवढ्या साध्या गोष्टीवर ती पद्धति टिकून आहे. आज बागाइतदाराच्या खिशांतल्या मोबाइलवरून पैसे जातात-येतात, त्या व्यवहाराच्या गुप्ततेंत अशाच तऱ्हेच्या गणिताचा हात असतो.

ही गोष्ट मी वर्गांत दर वर्षीं सांगतों आणि मुलें खूष होतात. पण वरुडच्या ओसरीवर ती सांगण्याचा मला धीर झाला नसता. निरुपयोगी म्हणून मानलेली विद्या उपयोगी ठरली खरी. पण ती कोणाला उपयोगी ठरली, आणि किती वर्षांनीं? ज्याच्या बागेवर सोसायटीचें कर्ज आहे त्याला, तुझ्या मुलीची विद्या आणखी साठ वर्षांनीं कोणातरी परक्याच्या कामीं येईल, असें सांगणें म्हणजे त्याची थट्टा करणें होय. निरुपयोगाचा अभिमान बाळगण्यालाहि माणसाच्या पाठीशीं केंब्रिजची फेलोशिप असावी लागते.

गणितानें बुद्धीला वळण लागतें, हें तिसरें उत्तर आमच्या पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावनांत नेमानें छापलेलें असतें. याविषयीं मला स्वतःला बराच संशय आहे. मुहूर्त पाहिल्याशिवाय स्कूटर घरीं न आणणारे गणिताचे एम. एस्सी. मीं पाहिले आहेत. वर्गांत संभवनीयतेचा सिद्धांत शिकवून संध्याकाळीं लॉटरीचें तिकीट घेणारेहि पाहिले आहेत. उलट बाजूनें दामोदर धर्मानंद कोसंबी यांचें उदाहरण देतां येईल. ते पुण्याच्या फर्गसन कॉलेजांत अनेक वर्षें गणित शिकवीत, पुढें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत होते. आणि त्याच माणसानें प्राचीन ठशांचीं नाणीं एकेक करून तोलून, त्यांच्या वजनांत झालेल्या घटीवरून तीं बाजारांत किती काळ फिरलीं असावींत याचा हिशेब संख्याशास्त्रानें मांडला. गणितानें लागलेलें वळण इतिहासाच्या शेतांत कसें उपयोगी पडतें याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाहीं. पण एका कोसंबींवरून नियम निघत नाहीं. एका उदाहरणानें सिद्धता होत नाहीं, हें तर आम्हीच शिकवितों.

असो. मग मला असें वाटूं लागलें कीं, ‘काय करावें’ हा प्रश्न नेहमीं बापालाच कां पडावा? खानदेशांत चाळीसगांवापासून जवळ पाटण येथें एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो उजेडांत आणला. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं ‘सिद्धांतशिरोमणि’ रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच भाग. त्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारीं मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ पुढील पिढ्यांना शिकविले जावेत म्हणून त्यानें पाटणास मठ स्थापिला, आणि त्या मठाला त्या भागाच्या निकुंभवंशी अधिपतींनीं व नगरानें जें दान दिलें त्याची नोंद १२०७ सालच्या या लेखांत आहे. लेख बहुतेक संस्कृत आहे. पण शेवटचा भाग मराठी आहे, आणि मला मोलाचा वाटतो तो तोच. राजाची स्तुति संस्कृतांत झाल्यावर, मठाचा खर्च चालावयाचा कसा, हें मराठींत लिहिलें आहे. पेठेंत विकावयास येणाऱ्या मालावर अमुक हिस्सा, गिऱ्हाइकाकडून अमुक, आणि तेल्याच्या दर घाण्यामागें पळीभर तेल. म्हणजे आठशें वर्षांपूर्वीं या मराठी मुलखांत एका बाजारपेठेनें गणिताच्या शिक्षणाचा भार आपसांत वांटून घेतला होता. त्या पेठेंतील कोणा एका बापाला आपल्या मुलाच्या गणिताचा जमाखर्च एकट्यानें मांडावा लागत नव्हता.

हें चित्र मला फार आवडत असे. वर्गांत आणि व्याख्यानांत मीं तें पुष्कळदां रंगवून सांगितलें आहे. त्या रात्रीं मात्र त्यांतील एक कोपरा मला प्रथमच नीट दिसला. त्या घाण्यावाल्याचा स्वतःचा मुलगा त्या मठांत शिकावयास बसला नसता. काळाची रीतच तशी होती. आणि मुलीचें तर नांवच नको. ‘लीलावतीं’त आचार्य एका मुलीला उद्देशून उदाहरणें घालतात, पण मठाच्या दानपत्रांत मुलींचा उल्लेख येण्याचें कारण नव्हतें. तेल सगळ्यांचें आणि दिवा थोड्यांचा, अशी ती व्यवस्था होती. आतां दारें उघडलीं आहेत. वऱ्हाडच्या मुलाला कॉलेजसाठीं एके काळीं नागपूर किंवा पुणें गांठावें लागे. १९२३ सालीं अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघालें. आज खुद्द वरुडांत विज्ञानाचें महाविद्यालय आहे, आणि शेतकऱ्याच्या मुलीला तेथें कोणी अडवीत नाहीं. फी म्हणाल तर ती डोईजड नाहीं. खरा खर्च आहे तो वर्षांचा. तीन वर्षें, आणि नव्या धोरणाप्रमाणें पुरी मजल मारावयाची तर चार. आणि तेवढ्यांत दुसरी वाट धरून जें मिळालें असतें त्यावर सोडलेलें पाणी. हा खर्च मात्र त्या एका घरालाच सोसावयाचा आहे. दिवा सगळ्यांचा झाला आणि तेल एकट्याचें राहिलें.

तेव्हां बापाचा प्रश्न क्षुद्र आहे, असें ज्यांना वाटतें त्यांच्याशीं माझें जमत नाहीं. आपल्या सुशिक्षित वर्गाला असें वाटण्याची खोड आहे, कारण आपल्या मनांत गणित म्हटलें कीं परांजप्यांची मूर्ति उभी राहते. कोंकणांतील मुर्डी गांवचा हा मुलगा १८९९ सालीं केंब्रिजच्या परीक्षेंत पहिला आला, आणि ‘रँग्लर’ हा शब्द मराठी घराघरांत शिरला. परत येऊन त्यांनीं फर्गसन कॉलेजांत शिकविण्याचें काम पतकरलें, ही गोष्ट पहिल्या क्रमांकापेक्षां मोठी होती. पण आपण लक्षांत ठेवला तो क्रमांकच. तेव्हांपासून गणित ही आपल्याकडे हुशारी मोजण्याची फूटपट्टी झाली. ज्याला त्यांत पहिलें येतां येईल त्यानें तें घ्यावें, इतरांनीं त्या वाटेला जाऊं नये, अशी समजूत रूढ झाली. वरुडच्या मुलीचा पहिला क्रमांक येईल असें मी कोणत्या तोंडानें सांगणार? आणि न आला तर?

मग तिनें गणित घ्यावें असें मला जें मनापासून वाटतें तें कां? याचें खरें कारण सांगावयाचें तर एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, आणि ती माझ्या खात्यावर जमेच्या बाजूला नाहीं.

मला शिकवावयास लागून चार-पांच वर्षें झालीं होतीं. कॉलेजचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी अनंत श्रेणी शिकवीत होतों. फळ्यावर एक श्रेणी मांडली, तिच्या प्रत्येक पदाचें वेगवेगळें संकलन केलें, त्यांची बेरीज घेतली आणि उत्तर काढलें. मागच्या बांकावरून एक मुलगा उठला. मोर्शीकडच्या एका खेड्यांतला. अंगावर नेहमीं तोच एक चौकडीचा सदरा. तो म्हणाला, “सर, आधीं बेरीज करून मग संकलन करायचं, त्याऐवजी आधीं संकलन करून मग बेरीज केली. असं चालतं हे कशावरून?” प्रश्न अगदीं मर्मावर होता. असें नेहमीं चालत नाहीं; त्याला अटी आहेत; आणि त्या अटी समजण्यासाठींच त्या विषयाचा सगळा खटाटोप आहे. मीं त्या तपासल्या नव्हत्या. त्या क्षणीं मला त्या आठवतहि नव्हत्या. तास संपावयास दहा मिनिटें होतीं, परीक्षा जवळ आली होती, आणि साठ मुलें माझ्याकडे पाहत होतीं. मीं म्हटलें, “परीक्षेला एवढें पुरे आहे. बसा.”

मुलगा बसला. वर्गांत थोडें हंसणें झालें, तें माझ्या बाजूचें होतें. त्यानंतर त्यानें मला कधींहि प्रश्न विचारला नाहीं. पुढल्या वर्षीं तो एम. एस्सी.ला येईल असें मला वाटत होतें. तो आला नाहीं. कांहीं वर्षांनीं अमरावतीच्या बसस्थानकावर तो एकदां भेटला. खतें-बियाणांचें दुकान बरें चाललें होतें. त्यानें भर गर्दींत वांकून माझ्या पायांना हात लावला. त्यानें शिव्या दिल्या असत्या तर मला तितकें लागलें नसतें.

मीं त्याचें काय घेतलें? पदवी नाहीं, पोट नाहीं. तें त्यानें नीट भरलें. मीं त्याच्यापासून जी गोष्ट काढून घेतली ती अशी आहे. आपल्या या समाजांत लहान माणसाला मोठ्या माणसाची चूक दाखवितां येईल अशा जागा फार थोड्या आहेत. व्यापारी बागेंतून एक फेरी मारतो आणि नजरेनें सांगतो, इतके हजार फळ. बागवान मनांत म्हणतो, याहून अधिक आहे. पण इसार व्यापाऱ्याच्या हातांत असतो आणि आंकडाहि त्याचाच चालतो. तलाठ्याच्या कागदावर जें चढलें तें खरें. घरांत वडील बोलले तें खरें. सासरीं तर विचारावयासच नको. बहुतेक शास्त्रांतहि विद्यार्थ्यानें पुस्तकावर विश्वास ठेवावाच लागतो. प्रकाशाचा वेग त्यानें स्वतः मोजलेला नसतो. एक गणिताचा वर्ग तेवढा असा आहे, कीं जेथें पायरी चुकली असेल तर ती चुकलेलीच असते. मग फळ्याशीं प्राध्यापक असो कीं खुद्द न्यूटन असो, आणि चूक काढणारा मागच्या बांकावरचा, तोच तो सदरा घालून येणारा मुलगा असो. तेथें कोणाच्याहि वयाचा, जातीचा, पगाराचा आधार घेतां येत नाहीं. तीन वर्षें ज्यानें अशी हवा छातींत भरून घेतली, तो पुढें खत विको नाहींतर औषधें विको, ‘कशावरून?’ हा शब्द त्याच्या ओठांवर सहज येतो. तो प्रत्येक वेळीं उच्चारतां येईलच असें नाहीं; पण तो शब्द असतो, हें त्याला ठाऊक असतें.

त्या मुलीनें गणित घ्यावें असें मला वाटत होतें तें यासाठीं. पण यांतील अडचण वाचकांच्या ध्यानांत आलीच असेल. ही वस्तु विषयांत आपोआप नसते. शिक्षकानें फळा पुसला तरच ती असते. आमच्या पुष्कळ वर्गांत ती नसते, हें मी जितक्या खात्रीनें सांगूं शकतों तितकें कोणी सांगूं शकणार नाहीं. सीमेची व्याख्या मुलें स्तोत्राप्रमाणें घोकतात. अपेक्षित प्रश्नांच्या पुस्तिका मूळ पुस्तकांपेक्षां अधिक खपतात. सिद्धता पाठ करून जशीच्या तशी उतरविणाऱ्याला प्रथम वर्ग मिळतो. अशा तऱ्हेनें शिकलेलें गणित हें जगांतील सर्वांत निरर्थक शिक्षण आहे. फार्मसी त्याहून शतपटीनें बरी, निदान गोळ्यांचीं नांवें तरी कळतात. म्हणजे ज्या गुणासाठीं मी गणिताची शिफारस करणार, तो गुण तिला मिळेल कीं नाहीं हें माझ्यासारख्यांच्याच हातीं होतें. आणि मीं एकदां काय केलें होतें तें मला माहीत होतें. कलम विकणाऱ्यालाच डोळ्याविषयीं शंका असावी, तशी माझी अवस्था झाली.

सकाळीं चहाच्या वेळीं मीं त्या गृहस्थांना म्हटलें, “काल मीं सांगितलें तें खोटें नव्हतें, पण मुख्य कारण तें नव्हे. मुख्य कारण मला बोलून सांगतां येईलसें वाटत नाहीं, दाखवून पाहतों. कागद आहे का?” बाजार समितीच्या एका पावतीची पाठकोरी बाजू पुढें आली. मीं तीवर लिहिलें: ‘कोणतीहि चार आंकडी संख्या घ्या.’ त्यांनीं २९६१ सांगितली. तिचेच आंकडे उतरत्या क्रमानें मांडून ९६२१ आणि चढत्या क्रमानें १२६९, वजाबाकी ८३५२. पुन्हां तसेंच, ८५३२ वजा २३५८, बाकी ६१७४. “आतां या ६१७४ वर हेंच करा.” ७६४१ वजा १४६७, बाकी पुन्हां ६१७४. त्यांनीं भुंवया वर केल्या, आणि मग माझ्यावर विश्वास न ठेवतां आपल्या मनानें ५००३ घेतली. शून्यें संभाळून हळूहळू वजाबाक्या करीत गेले. पांचव्या पायरीला ६१७४ आली. मीं त्यांना सांगितलें कीं, हा शोध दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नांवाच्या एका मराठी शाळामास्तरांचा आहे. १९२९ सालीं ते बी. एस्सी. झाले, पुढची पदवी घेतली नाहीं, १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीच्या शाळेंत शिकविलें. देशांतले बडे गणिती त्यांच्याकडे फारसें लक्ष देत नसत, आणि १९७५ सालीं एका अमेरिकन मासिकांत त्यांच्याविषयीं लिहून आलें तेव्हां जगानें त्यांना ओळखलें.

ते सगळें ऐकून घेऊन त्यांनीं विचारलें, “पन काहून?”

हा प्रश्न मला नवा होता. गेलीं कित्येक वर्षें मी हा खेळ सभांतून करीत आलों आहें. टाळ्या पडतात, मी पुढें जातों. मीं सुरवात केली, “त्याचें कारण जरा अवघड आहे—” तोंच मुलगी आंत जाऊन एक वही घेऊन आली. शाळेंत कोणीतरी हा आंकडा सांगितला तेव्हां, अकरावींत असतांना, तिनें तें सगळें करून पाहिलें होतें. ती बापाशेजारीं खालीं बसली. “बाबा, सगळ्यात मोठा अन् सगळ्यात लहान आकडा, यायचा फरक घ्या. मंग मधल्या दोघायचा फरक. वजाबाकी म्हंजे पहिल्या फरकाची ९९९ पट अन् दुसऱ्याची ९० पट. बाकी काहीच लागत नाही. आता असे फरक मोजून किती होतात? चौपन जोड्या. हजारो आकडे नाही, चौपनच.” आणि त्या ५४ जोड्या वहींत एकाखालीं एक मांडलेल्या होत्या, प्रत्येकीपासून निघालेली वाट ६१७४ पर्यंत बाणांनीं नेऊन पोंचविलेली होती. शिक्षकाच्या तांबड्या शाईची एकहि खूण त्या पानांवर नव्हती. बाप पानावरून बोट फिरवीत होता; किती वेळ, तें मीं पाहिलें नाहीं.

मग तिची नजर माझ्या पावतीकडे गेली. ती थोडी थांबली, आणि पुस्तकी मराठींत, जपून जपून म्हणाली, “सर, पण तुम्ही इथं ‘कोणतीही’ लिहिलं, ते बरोबर नाही. ११११ घेतली तर शून्य येतं.”

“सरायचं चुकलं म्हन्तं का व?” बाप एकदम म्हणाला. आवाजांत दटावणी होती.

“चुकलेंच आहे,” मीं म्हटलें. पेन घेतलें, ‘कोणतीहि’ हा शब्द खोडला, आणि त्याच्यावर बारीक अक्षरांत लिहिलें, ‘चारी आंकडे सारखे नसलेली’. तिनें तें वांचून पाहिलें आणि मान हलविली.

त्यांनीं ती पावती घडी करून सदऱ्याच्या खिशांत ठेवली. अर्ज फार्मसीचा भरावयाचा कीं गणिताचा, हें त्यांनीं मला सांगितलें नाहीं, आणि मींहि विचारलें नाहीं. बागेच्या कडेनें मोटार-स्टँडपर्यंत ते मला पोंचवावयास आले. ताणावरच्या झाडांकडे पाहत एवढेंच म्हणाले, “पानी पडू द्या सर. मंग पाहू.”